आधी बंदर शोधा, भिंत सापडेल

घोडबंदर रोडला दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत आहे. शाळेने ‘परिसराचा समुद्री इतिहास’ असा प्रकल्प दिलाय, आणि पुस्तकातून उतरवण्यापेक्षा रस्त्यावरची भित्तिचित्रं शोधून त्यांच्यावर लिहावं असं मुलीच्या डोक्यात आलंय. मायलेकी दोन रविवार स्कूटरवरून ठाणं पालथं घालून आल्या, खाडी ओलांडून नवी मुंबईतही जाऊन आल्या. हाती लागलं काय? एका पायावर उभे असलेले फ्लेमिंगो, गांधीजींचा चष्मा, ओला कचरा-सुका कचरा, आणि एका उड्डाणपुलाखाली समुद्री चाच्यांचं वाटावं असं एक जहाज. ताई विचारतात, ‘आम्ही चुकीच्या जागी शोधतोय का? आणि अशा चित्रांची एखादी यादी मिळेल का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, आणि मिळाली तरी घेऊ नका.

मी हे अनुभवाने सांगतोय. सुरुवात मी दुकानांच्या पाट्या रंगवण्यापासून केली. मग फ्लेक्स आला, पाट्यांचं काम एका वर्षात बसलं आणि मी भिंतींकडे वळलो. या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. खाडीच्या दोन्ही काठांवर मी रंगवलेल्या भिंतींपैकी आज दाखवता येतील अशा फार तर दहा-बारा उरल्यात. बाकीच्या पुसल्या गेल्या. कुणी पुसल्या म्हणाल, तर आधी पावसाने, मग चुन्याने, आणि मधूनमधून स्वच्छ सर्वेक्षणाने. सर्वेक्षणाची पथकं यायच्या आधी शहरभर भिंती नव्याने रंगतात. रंगवणाऱ्या पोरांना रोजगार मिळतो, ते चांगलंच आहे. पण खाली आधीचं काय होतं ते कुणी बघत नाही. एका कार्यालयाच्या कुंपणभिंतीवर आम्ही चौघांनी अकरा दिवस खपून मचवे, म्हणजे शिडाच्या होड्या, आणि मिठागरं काढली होती. तिसऱ्याच वर्षी कुणी मोठा पाहुणा येणार म्हणून एका रात्रीत सगळी भिंत गुलाबी झाली. सकाळी चहाला गेलो तेव्हा कळलं. म्हणून म्हणतो, यादी हातात पडेपर्यंत तिच्यातली अर्धी चित्रं गेलेली असतात.

पावसाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण चित्र खरं किती जुनं आहे हे तुम्हाला त्यावरूनच ओळखता येईल. खाडीकाठच्या भिंतीत मीठ असतं. हवेतून येतं, जमिनीतून ओलीबरोबर वर चढतं. पाणी सुकलं की मीठ प्लास्टरमध्ये फुलतं, भिंतीला लोणा लागतो आणि रंग पापडासारखा सुटून येतो. बोट फिरवलंत तर पांढरी भुकटी लागेल. सुरुवात नेहमी खालून, जमिनीपासून कमरेपर्यंत. त्यामुळे खाडीकाठच्या चित्रांत आकाश आणि शीड टिकतं, पाणी आणि मासे आधी जातात! माहीतगार रंगारी खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा मुद्दाम साधाच ठेवतो. तो दरवर्षी परत मारता येतो, चित्राला धक्का लागत नाही. असा कोरा पट्टा दिसला की समजा, हा माणूस इथलाच आहे किंवा इथे एकदा पोळलाय.

रंगांचंही तसंच. झगझगीत गुलाबी आणि लिंबू-पिवळे उन्हात दोन वर्षांत विटतात. मातीचे रंग टिकतात. गेरू, पिवडी, हुरमुंजी. मुलीला हुरमुंजीबद्दल नक्की सांगा. तांबडा, किंचित जांभळटाकडे झुकणारा हा रंग आमच्या उस्तादांच्या काळी पुडीत मिळायचा. त्याचं नाव पडलं ते इराणच्या आखातातल्या हुर्मुझ बंदरावरून, तिथल्या लाल मातीवरून. त्या वाटेने समुद्रावरून घोडेही येत, आणि ज्या बंदरावर ते उतरत ते घोडबंदर असं सांगतात. म्हणजे ज्या डब्यातून रंग काढून आपण भिंतीवर समुद्राचा इतिहास काढतो, त्या डब्याच्या नावातही समुद्राची वाट आहे. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीत होतो, आणि तोवर शेकडो किलो हुरमुंजी भिंतींवर ओतून झाली होती.

आता शोधायचं कसं ते.

तुम्ही शोधलंत ते हमरस्त्यांवर. हमरस्त्याच्या भिंती गाडीतून बघणाऱ्यासाठी असतात, म्हणून तिथे मोठं, चटकन कळणारं आणि कुणालाच न खटकणारं चित्र येतं. फ्लेमिंगो त्यात चपखल बसतो. फ्लेमिंगोंशी माझं वैर नाही. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, त्याचा आनंदच आहे. पण फ्लेमिंगो खाडीत येणारा पाहुणा आहे. खाडीवर पोट भरणाऱ्यांची गोष्ट त्याच्या पंखाखाली झाकली गेलीय, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून नकाशा काढा आणि त्यावर ‘बंदर’ शब्द असलेली नावं शोधा. ठाणे पूर्वेला मीठबंदर रोड. मुंब्र्याकडे रेतीबंदर. कोलशेत बंदर, नागलाबंदर, आणि तुमचं घोडबंदर. मीठ, रेती, घोडे. काय चढायचं-उतरायचं ते नावातच सांगून ठेवलंय. आज यांतल्या कित्येक ठिकाणी पाणी दिसतही नाही, मध्ये टॉवर आलेत नाहीतर तिवरांची दाट भिंत आहे. पण जुनी वस्ती, देऊळ, जेट्टीकडे जाणारा बोळ शिल्लक असतो, आणि चित्रं त्या बोळात असतात. नवी मुंबईच्या बाजूला बंदराऐवजी गावठाणं आणि कोळीवाडे धरून चाला. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव, घणसोली. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, भातखाचरं आणि मिठागरं गेली आणि गावांभोवती सेक्टर उगवले. सेक्टरमधली भिंत महापालिकेची, गावठाणातली भिंत घरमालकाची. घरमालकाच्या भिंतीवर जे काढलेलं असतं ते त्याने स्वतःच्या पैशाने काढून घेतलेलं असतं, म्हणून ते बघायला जायचं.

वेळ घड्याळावर ठरवू नका, ओहोटीवर ठरवा. कोळीवाड्यात ओहोटीला होड्या चिखलात बसलेल्या असतात, त्यांचं पूर्ण अंग दिसतं, आणि माणसं जाळी दुरुस्त करत काठावर बसलेली असतात. भरतीला तुम्हाला नुसतं पाणी दिसेल आणि सगळे कामात असतील. ओहोटी कधी हे काढायला जुना हिशोब आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. हिशोब मुंबई बंदराचा आहे, ठाण्यापर्यंत पाणी चढायला थोडा उशीर लागतो. अर्ध्या तासाने इकडेतिकडे झालं तरी आपलं काही बिघडत नाही, आपल्याला होडी काढायची नाहीये. शाळेच्या प्रकल्पात हा हिशोब एका पानावर घातला तरी बाईंना आवडेल.

चेंदणी कोळीवाड्यापासून सुरुवात करा असं मी सांगेन. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती याच गावात. पुढच्याच वर्षी रूळ खाडीवरून पूल टाकून कल्याणकडे गेले. आज स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या हजारो लोकांना आपण एका कोळीवाड्याच्या अंगणातून चालतोय हे ठाऊक नसतं. तिथल्या गल्ल्यांत हिंडा. नारळी पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर आणखी उत्तम, कारण वर्षभरातला ताजा रंग तेव्हाच लागलेला असतो, होड्यांनाही आणि घरांनाही.

होड्यांचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबतो. कोळीवाड्यातलं मूळ भित्तिचित्र म्हणजे होडीच. नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची फुलं, नाव लिहिलेली पट्टी, कुलदैवत, कधी मासा, कधी पोरीचं नाव. होडी रंगवणारा माणूस ऑइलपेंट वापरतो, कारण खाऱ्या पाण्यात दुसरं टिकत नाही. तोच माणूस उरलेल्या डब्यातून आपल्या किंवा शेजाऱ्याच्या भिंतीवर काहीतरी काढतो. म्हणून बोळातल्या भिंतीवर तेलरंगाची चकाकी दिसली, रेषा जाड आणि न थरथरता ओढलेली असली, की समजा हा होडीवर बसलेला हात आहे. भिंतीला ऑइलपेंट मानवत नाही, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि फोड येतात. कलाशाळेत शिकलेली पोरं नाकं मुरडतात. मीही मुरडायचो. पण फोड आलेल्या त्या भिंतींवर मी बोकशीचं, म्हणजे पिशवीसारखं जाळं गाठींसकट बरोबर काढलेलं पाहिलंय. निवट्या हा चिखलातला मासा पाहिलाय, डोळे वर, अर्धा चिखलात. कालवं फोडणारी बाई पाहिलीय, आणि तिच्या हातातला कोयता बरोबर त्याच कोनात धरलेला, ज्या कोनात तो धरला नाही तर बोट जातं.

याउलट उड्डाणपुलाखालचं तुमचं ते जहाज. मी बघितलं नाही तरी सांगतो: चौकोनी फुगलेली शिडं, सरळ उभे तीन खांब, मागच्या बाजूला इमारतीसारखी उंच माडी. नेटवर ‘जुनं जहाज’ शोधलं की येतं तेच. ते युरोपातलं. आपल्याकडच्या मचव्याची, फत्तेमारीची डोलकाठी नाळेकडे, म्हणजे पुढे झुकलेली असते. तिच्यावर परबाण, म्हणजे शीड बांधायचा लांबलचक वासा, तिरकं चढवतात आणि त्याला तिरकं शीड. मराठ्यांच्या आरमारातलं गुराब घ्या, पुढे चोचीसारखी निघालेली नाळ हीच त्याची खूण. गलबत त्याहून लहान, हलकं, वल्ह्यांवरही चालणारं. मुलीला सांग, ताई, की चित्र दिसलं की आधी डोलकाठी बघ. सरळ असेल तर चित्रकार संगणकावरून आलाय, पुढे झुकलेली असेल तर काठावरून.

हे मी आज ऐटीत सांगतोय, पण मलाही कुणीतरी शिकवावं लागलं. एका कोळीवाड्याच्या वेशीजवळ माझं काम चालू होतं. बांबूची परांची, वीस फुटांची भिंत, त्यावर शीड फुगवून निघालेला मचवा. डोलकाठी मी बरोबर झुकवली होती आणि त्याचा मला अभिमान होता. टोकावर भगवा बावटा, मागे फडफडणारा. एक म्हातारे रोज सकाळी जाळं घेऊन समोरच्या ओट्यावर बसायचे, काही बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी मी बावट्याच्या चुण्यांना सावली देत होतो तेव्हा खालून आवाज आला, ‘काय रं पोरा, तुझे भिंतीवर वारं दोन हान का?’

मला कळेना. उतरून खाली आलो. ते म्हणाले, शीड फुगलंय पुढे, म्हणजे वारा मागून. मग बावटा मागे कसा उडतो?

मी वर बघितलं आणि कान गरम झाले. बरोबरच होतं. मागून वारा असेल तर बावटाही पुढेच, नाळेकडे उडणार. शिडाच्या होडीत माणूस वाऱ्याबरोबर जातो. आपण बावटा मागे काढतो, कारण मोटारीवर लावलेला झेंडा मागे उडतो आणि तोच आपल्या डोळ्यांत बसलेला असतो. त्या दिवशी मी बावटा पांढरा मारून परत काढला. तेव्हापासून कुठलंही जहाजाचं चित्र दिसलं की माझी नजर पहिली झेंड्याकडे जाते, आणि दहातली आठ चित्रं तिथेच नापास होतात. पोस्टरं, कॅलेंडरं, शाळेच्या भिंती, काही मोठ्या मोठ्या नावांची कामंसुद्धा. तुमच्या मुलीसाठी यापेक्षा सोपी आणि मजेची कसोटी मला ठाऊक नाही. जेवढी चित्रं सापडतील तेवढ्यांत वारा एकच आहे का ते तपासायचं आणि तक्ता करायचा.

आणखी एक खोड सांगून टाकतो. कोळ्यांची गोष्ट वारली चित्रात. त्रिकोणांची माणसं, हातात जाळं, बाजूला होडी. वारली कला थोर आहे, पण ती डहाणू-जव्हारकडच्या वारल्यांची, त्यांच्या लग्नाच्या चौकाची, त्यांच्या तारप्याची. ठाण्याच्या कोळणीला त्यात बसवायचं म्हणजे कुणाच्या तरी उसन्या कपड्यांत तिचा फोटो काढण्यासारखं आहे. पांढरा रंग आणि गेरू एवढ्यात काम भागतं, लवकर होतं, म्हणून ठेकेदारांना आवडतं. त्यामागे बाकी काही नाही.

आता, ही चित्रं ज्या इतिहासाची असायला हवीत तो थोडा सोबत ठेवा, म्हणजे भिंतीवर काय आलंय आणि काय गाळलंय हे दोन्ही दिसेल. ठाणं हे उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचं श्रीस्थानक. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट निघाला. त्याच्याही कित्येक शतकं आधी, इसवी सन ६३६ च्या सुमारास, ओमानच्या बाजूने एक अरबी ताफा ठाण्यावर चालून आला होता, इतकं हे बंदर तेव्हाही दूरवर माहीत होतं. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये खाडीकाठी किल्ला बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७७४ च्या डिसेंबरात ते इंग्रजांकडे गेलं. तो किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. सूचना: त्या भिंतीचे फोटो काढू नका. पहारेकऱ्याला तुमचा प्रकल्प समजावत बसायची वेळ येईल.

तुमच्या बाल्कनीतून दिसणारं पाणी मात्र आणखी वेगळं, ते उल्हासचं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला घेतली, आणि तिथून समुद्राला जायची वाट कोलशेत, नागलाबंदर, घोडबंदर अशी वसईकडे, म्हणजे तुमच्या दारावरूनच. आरमाराची चित्रं तुम्हाला भरपूर सापडतील. पण त्यात मागे सिंधुदुर्गच असतो, कल्याणची खाडी क्वचित. चित्रात किल्ला समुद्रात उभा आणि पाणी निळंशार असेल तर ते मालवण आहे. आपलं पाणी करडं-तपकिरी, काठाला तिवरं. करडं पाणी रंगवायला धाडस लागतं, काम देणारा लगेच म्हणतो, ‘जरा निळं करा ना.’

बेलापूरच्या किल्ल्याकडेही जाऊन या. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा सगळ्यांच्या हातून गेलेला. पडझड फार आहे, पण दिवाळ्याची जेट्टी जवळ, एका फेरीत दोन्ही होतं.

आणि एक गोष्ट जी मला अजून एकाही भिंतीवर दिसलेली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रावरून नाविकांचं बंड सुरू झालं हे शाळेत असतंच. त्या वेळी ठाण्याजवळ ‘अकबर’ नावाचं रॉयल इंडियन नेव्हीचं किनाऱ्यावरचं केंद्र होतं. नावापुढे जहाजासारखं ‘एच. एम. आय. एस.’ लागायचं, होतं मात्र जमिनीवर. तिथले नाविकही त्या बंडात उतरले. ठाण्यातल्या कुणाला विचारा, माहीत नसतं. मी दोन ठिकाणी हा विषय सुचवून पाहिला. एका ठिकाणी म्हणाले, ‘बंड नको, काहीतरी पॉझिटिव्ह द्या.’ शेवटी फ्लेमिंगोच काढले. पैसे वेळेवर मिळाले, खोटं कशाला बोलू.

या पट्ट्यातलं खूप जुनं होडीचं चित्र बघायचं असेल तर मात्र रंग विसरा आणि बोरिवलीला एकसर गावी जा. तिथे वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे दगड, आणि त्यावर चक्क आरमारी लढाई कोरलीय. पुढून उंच चोच काढलेली जहाजं, वल्ह्यांच्या रांगा, पाण्यात पडलेली माणसं, आणि वरच्या थरात स्वर्गात गेलेला वीर. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्याशी समुद्रात झुंज दिली आणि सोमेश्वर बुडाला, त्याच लढाईशी हे दगड जोडले जातात. म्हणजे ठाण्याचं एक राज्य पाण्यावर बुडालं आणि त्याचं चित्र गावच्या वेशीपाशी उभं राहिलं. मी तिथे वही घेऊन दोनदा गेलोय. वल्ही कशी काढायची ते मी त्या दगडांवरून शिकलो. प्रत्येक वल्हं वेगळं काढत बसायचं नाही, रांगेचा एकच कल पकडायचा. डोळा आपोआप मोजतो.

ताजी, मोठ्या हातांची कामं बघायची असतील तर मुंबईत ससून डॉकला २०१७ मध्ये मोठा प्रकल्प झाला होता, चालत्या मासळी-बंदरात, बर्फ आणि सुकटीच्या वासात. त्यातलं आज काय शिल्लक आहे ते जाऊनच बघावं लागेल. आमच्या धंद्यात कुठल्याच भिंतीची हमी नसते.

थोडं वागण्याबोलण्याचं. कोळीवाड्यात फोटो काढण्याआधी विचारा. समोरची बाई वयाने मोठी असेल तर ‘मावशी’ म्हणा, आणि शक्यतो काही विकत घ्या, जवळा, सुकट, काहीही. वाळत घातलेल्या मासळीवरून किंवा जाळ्यावरून पाय टाकून पलीकडे जाऊ नका, वळसा घाला. चिखलात उतरू नका. गुडघ्यापर्यंत जातो तो पाय बाहेर काढताना चप्पल खाडीची होते. भिंतीवर नाव किंवा फोन नंबर लिहिलेला असेल तर रंगाऱ्याला फोन करा. पोरीने विचारलं तर तो अर्धा तास बोलेल, कारण आम्हाला कुणी काही विचारत नाही. त्याला तीन गोष्टी विचारायला सांगा: या भिंतीचे पैसे कुणी दिले, काय काढायचं ते कुणी ठरवलं, आणि काय काढायला नाही म्हणाले. तिसऱ्या प्रश्नाला खरा इतिहास बाहेर येतो.

आणि फोटो नुसता सुंदर काढू नका. एक समोरून, पूर्ण भिंतीचा. एक जवळून, सुटलेल्या रंगाचा. पोपडा उडालेला असेल तिथे खालचे थर दिसतात, वरचा गुलाबी, खाली निळा, त्याखाली गेरू. मापासाठी मुलीला शेजारी उभी करा. तारीख लिहा. मी माझ्या कामांचे असे फोटो ठेवले नाहीत, तेव्हा वाटलं भिंत कुठे पळतेय.

ती दोन वाऱ्यांची भिंत अजून आहे. वर घराची माडी चढली, मध्यावर केबलच्या वायरी आल्या, खालून लोणा कमरेच्या वर गेलाय. मचवा निम्मा राहिलाय. पण पावसाने वरचा पांढरा थर धुवून काढला आणि मी खोडलेला पहिला बावटा पुन्हा दिसायला लागलाय. एक पुढे उडणारा, एक मागे. ओट्यावर आता त्या म्हाताऱ्यांचा नातू बसतो, मोबाइल बघत. गल्ली कुठली ते सांगत नाही, मुलीला शोधू दे.

येत्या चतुर्थीला निघा, संकष्टी असो की विनायकी, हिशोब तोच. चार त्रिक बारा, भागिले चार, तीनला भरती. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पाणी तळाला. आठला मीठबंदर रोडला पोहोचा, स्कूटर बाहेरच लावा आणि आत पायी जा.